चौसष्ट सऱ्या

आमच्या घरी आले की दस्तगीरचाचा सगळ्यात आधी पंखा बंद करायचे. पाणी नंतर, चहा नंतर, खुर्चीसुद्धा नंतर. मे महिन्यातली बारामती, अंगाची लाही लाही होतेय, आणि हा माणूस भिंतीवर बटण शोधतोय. पंखा झाला की फ्रिज. एकदा त्यांनी बंद केलेला फ्रिज चालू करायचं आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही आणि माझं दोन लिटर दूध नासलं. मी चांगलीच तडकले. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दूध नासलं ते वाईटच झालं, बाई. पर तुमच्या फ्रिजच्या मागनं काय येतंय ते कदी ऐकलंय का? त्येचा काँप्रेसर जायला लागलाय." मी म्हटलं, काही जायला बियला लागलेला नाही. दिवाळीच्या आत तो गेला.

"मागनं काय येतंय?" हा त्यांचा सगळ्या जगाला विचारायचा प्रश्न होता. लग्नात बँड वाजत असला तरी तेच, पुढाऱ्याचं भाषण चालू असलं तरी तेच. ऐकताना ते डोळे मिटायचे, तोंड किंचित उघडं ठेवायचे आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत राहायचे. अनोळखी माणसाला वाटावं, म्हाताऱ्याला बसल्या जागी झोप लागली. त्यांच्यासमोर चिवडा खायची सोय नव्हती. "जरा चावू नका" असं मला, माझ्या घरात, माझ्याच चिवड्यावर सांगणारा तो एकच माणूस. आता ते नाहीत, आणि मी चिवडा अजून हळूच खाते.

ते मूळचे निरवांगीचे. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात त्यांनी सव्वीस सीझन सेंट्रिफ्यूगल मशीनवर काढले. उसाचा रस आटवून घट्ट केला की त्यात साखरेचा दाणा आणि मळी एकत्र असतात. जाळीच्या मोठ्या बास्केटमध्ये तो माल घालून गरगर फिरवला की मळी बाहेर फेकली जाते आणि दाणा आत राहतो. अंगठा घासायची सवय तिथली. दाणा बारीक, मध्यम की मोठा, हे ते चिमटीत धरून सांगायचे. निवृत्त झाल्यावर ते बारामतीला लेकीकडे राहायला आले. लेक नर्स. तिच्या जुन्या लॅपटॉपवर कुणीतरी आवाज बनवायचा सिंथेसायझर टाकून दिला होता. लोक त्यावर गाणी करतात. चाचांना गाणं करायचं नव्हतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

पहिल्यांदा ते आले ते आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, भर दुपारी, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून. मी फिजिक्स शिकवते. माझ्या डोक्यावर तपासायच्या पेपरांचा ढीग होता आणि हे दारात उभे.

"बाई, कुठलाबी आवाज सुटा केला तर आत निस्ते साधे आवाज असत्यात, असं तुमच्या पुस्तकात हाय म्हनं. खरं हाय का?"

"खरं आहे."

"मग एका आवाजात किती असत्यात?"

"कितीही असू शकतात," मी म्हटलं. हे उत्तर परीक्षेत चालतं. चाचांना ते चाललं नाही. त्यांनी लॅपटॉप उघडून माझ्या तपासलेल्या पेपरांवर ठेवला. पडद्यावर चौसष्ट उभ्या पट्ट्या होत्या. पहिल्या पट्टीत सगळ्यात खालचा स्वर, दुसरीत त्याच्या दुप्पट कंपनांचा, तिसरीत तिप्पट, असं चौसष्टपर्यंत. पट्टी वर सरकवली की तेवढाच स्वर मोठा होणार. "ह्या सऱ्या," चाचा म्हणाले. "उसाला दारं धरतो तसं हितं धरायचं. कुठल्या सरीला किती पानी सोडायचं, येवढंच काम."

बाहेर टाकीवर पाणी चढवायची मोटर चालू होती. चाचांनी डोळे मिटले, तिचं गुणगुणणं ऐकलं आणि एकेक सरी उघडत गेले. पहिली निम्मी, दुसरी भरून, तिसरी जरा, पाचवी, सातवी. पंधरा मिनिटांत लॅपटॉपमधून आमच्या टाकीची मोटर वाजायला लागली. तेवढ्यात शिपाई धापा टाकत वर आला. खाली मोटर बंद करून आलो तरी ती वरती ऐकू कशी येतेय, म्हणून तो घाबरला होता. वीस वर्षं मी फळ्यावर लहरी काढून त्यांची बेरीज शिकवत होते, आणि बेरीज कानांनी ऐकली ती त्या दिवशी. खरं सांगायचं तर मला त्या म्हाताऱ्याचा रागच आला.

पुढे ते दर रविवारी यायला लागले. सऱ्यांनी सरळ, एका सुरातला आवाज होतो. घासणं, करकरणं, खरवडणं त्यात बसत नाही. त्यासाठी त्या प्रोग्राममध्ये दुसरी खिडकी होती. फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज तिथे टाकायचा, तो त्याचे बारीक बारीक तुकडे करतो आणि ते हवे तसे दाट किंवा विरळ उधळतो. तुकड्याला तिथेही दाणाच म्हणतात हे कळल्यावर चाचांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला पेढे आणले. दाणा मोठा ठेवला तर मूळ आवाज ओळखू येतो. बारीक करत नेला की त्याची ओळख जाते आणि नुसती खरखर उरते. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातला तवा, उलथनं, मिक्सरचं भांडं, सगळं भरडलं.

तेव्हा इंदापूरकडच्या एका जत्रेत भूतबंगल्याचा तंबू लावणारा एक जण त्यांच्याकडे आवाज मागायला आला. किंकाळ्या आणि घुबडं लोकांना पाठ झाली होती. चाचांनी त्याला एक खालचा, सरळ घुमणारा आवाज दिला आणि त्याच्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा दाणा विरळ पसरला. मी मुद्दाम ऐकायला गेले. तंबूत अंधार होता, बाकी काहीच नव्हतं. पण मागे कुणीतरी उभं आहे आणि ते आता बोलणार आहे, असं वाटत राहिलं. मी अर्ध्यातून बाहेर आले. तंबूवाला पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडेच येत होता.

"चाचा, ह्यो परत घ्या. लोकं घाबरली पायजेत, पर भाईर येऊन हसली पायजेत. हितं कुनी हसंना झालंय. सकाळी एक बाई वकली."

"व्हय. तसंच हाय ते," चाचा म्हणाले आणि पेनड्राइव्ह खिशात टाकला.

मला हसू आलं. ते हसले नाहीत. रसवंतीच्या बाकड्यावर बसून त्यांनी मला नामदेवची गोष्ट सांगितली, ती पहिल्यांदा आणि एकदाच.

"नामदेव माझ्या जोडीला व्हता, अकरा सीझन. तीन नंबरच्या मशिनीतनं एक आवाज यायला लागला. बारीक. म्या मशीन बंद केली. फिटर आला, बघितलं, काय न्हाय. दुसऱ्या दिशी परत बंद केली. परत काय न्हाय. तिसऱ्या बारीला वसंतराव, आमचा शिफ्ट इनचार्ज, समद्यांपुढं म्हनला, दस्तगीरला कानाच्या डाक्टरकडं न्या. सीझन संपू दे, मग तुझी मशीन खोलून बघू. समदी हसली. नामदेवबी हसला."

सीझनमध्ये मशीन बंद करणं म्हणजे काय, ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. एक मशीन थांबलं की माल तुंबतो, माल तुंबला की गाळप मंदावतं आणि यार्डात ट्रॉल्यांचा नंबर जागचा हलत नाही. ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं. मशीन कुणी थांबवलं त्याचं नाव तासाभरात रांगेच्या शेवटच्या ट्रॉलीपर्यंत जातं.

"चवथ्या दिशी आवाज मोठा झाला व्हता," चाचा म्हणाले. "पर त्या दिशी नंबरात आमच्या निरवांगीच्या ट्रॉल्या व्हत्या. माझी भावकी, माझे शेजारी. दोन दीस वाळत उभी. म्हनलं, आज न्हाय. आज गावापुढं शोभा नको. म्या गप डबा खायाला गेलो. मशीन फुटली तवा माझ्या हातात भाकर व्हती. नामदेव मशिनीम्होरंच व्हता."

त्यांनी रसाचा ग्लास तसाच खाली ठेवला.

"तसल्या मशिनी अजून चालत्यात, बाई. त्येंच्यावर हायेत त्या मानसांनी ह्यो आवाज कदी ऐकल्याला न्हाय. मग वळखनार कसा? ऐकून जित्ता ऱ्हायल्याला म्या एकटाच. म्या जायच्या आत त्यो बनला पायजे."

त्या दिवसानंतर आमचे रविवार बदलले. आता मला ठाऊक होतं की आपण काय बनवतोय.

त्याच वर्षी त्यांचे कान जायला लागले. वरचे स्वर आधी गेले. एका रविवारी त्यांनी चाळिसाव्या सरीपासून पुढच्या सगळ्या सऱ्या भरून सोडल्या आणि म्हणाले, "बिघडलाय का ह्यो? पानीच येत न्हाय." मी दोन्ही कानांवर हात दाबून बसले होते. मी ओरडून सांगितलं, "येतंय, चाचा! फार येतंय!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप हळूच मिटला.

मग त्यांनी माझे कान घेतले. ते सांगायचे, मी सरकवायचे. "पत्र्यावर खिळा ओढल्यागत, पर लांबनं." "न्हाय, इतका कोरडा न्हाय." खालचे स्वर ते स्पीकरवर तळवा ठेवून तपासायचे. वरच्यांसाठी मी. दोन वर्षं हे चाललं. एकदा माझ्या संयमाचा बांध फुटला. मी म्हटलं, "चाचा, मूळ आवाज मी ऐकलेला नाही, आणि आत्ताचा तुम्हाला ऐकू येत नाही. आपण आंधळी कोशिंबीर खेळतोय." ते उठून गेले. तीन रविवार फिरकले नाहीत. मी पंखा फुल्ल लावून बसले, मनसोक्त चिवडा खाल्ला आणि मला अजिबात चैन पडली नाही. चौथ्या रविवारी मीच त्यांच्या लेकीच्या घरी गेले. जाऊन पंखा बंद केला.

"अजून एक मानूस हाय, त्यो आवाज ऐकल्याला. त्येला म्या मोजला न्हवता," चाचा म्हणाले. "आपन त्येच्याकडं जाऊ."

शिफ्ट इनचार्ज वसंतराव आता वडगाव निंबाळकरला असतात. दोन म्हशी, चार संकरित गाई, नवा गोठा. वय झालं तरी माणूस ताठ. आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा सांगितला, कुणाची मुलं कुठे लागली ते विचारलं. चाचांनी सरळ लॅपटॉप उघडला आणि आवाज लावला. आधी तो खालून घुमत वर चढतो, मग पोटातून एक करकर निघते आणि चढणाऱ्या आवाजाला चिकटून वर जाते. गोठ्यातली एक म्हैस दाव्याला हिसके द्यायला लागली. वसंतरावांच्या मांडीवरची मूठ आवळली गेली.

"असा नव्हता," ते म्हणाले.

चाचांनी पुन्हा लावला.

"सांगितलं न्हवं, असा नव्हता. बंद कर ते."

आम्ही उठलो. चाचांचा चेहरा मला बघवेना. फाटकापर्यंत आलो तर मागून वसंतराव अनवाणी येताना दिसले. त्यांनी फाटक धरलं. आमच्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत बोलले.

"चढताना असाच व्हता. उतरताना टिकटिक करायची. मशीन थांबायला आली की, दर फेऱ्याला एक. ती तू घातली न्हाईस."

चाचांना नीट ऐकू आलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं.

"टिकटिक? मला तर ती कदीच ऐकू आली न्हाय," ते म्हणाले. "तुमाला यायची?"

"मला यायची," वसंतराव म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले.

म्हणजे चाचांचे कान तेव्हाच थोडे गेले होते, आणि ज्याने त्यांना डॉक्टरकडे न्या म्हटलं त्याला त्यांच्यापेक्षा जास्त ऐकू येत होतं. परतीच्या एसटीत मला त्या म्हाताऱ्या गोठेवाल्याची चीड आली होती आणि भीतीही वाटत होती. त्याने ऐकलं होतं आणि तो नोकरी पूर्ण करून, सत्कार घेऊन घरी आला होता.

टिकटिक बनवायला सोपी निघाली. चौसष्टच्या चौसष्ट सऱ्या एकदम फोडायच्या आणि लगेच बंद करायच्या. सगळे स्वर एका क्षणी वाजले की कानाला फक्त टिक ऐकू येते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. चाचांना ती ऐकू येणार नव्हतीच. मी ती घातली, शंभरदा ऐकली, आणि त्या आठवड्यात मला वर्गात, स्वयंपाकघरात, सगळीकडे ती ऐकू येत राहिली.

माझा एक जुना विद्यार्थी, संकेत, दुसऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्या हातापाया पडून मी शिफ्ट बदलतानाची दहा मिनिटं मागून घेतली. सकाळची वेळ होती, सीझन शेवटाला आलेला. चाचांनी आवाज ऐकवला. वीसेक माणसं उभी होती. दोघं हसले, एकाने मोबाइलवर शूटिंग घेतलं, बाकीचे घड्याळाकडे बघत होते. "हा ऐकला की मशीन बंद करायची. कुनी हसलं तरी बंद करायची," एवढंच चाचा बोलले. नंतर संकेतने मान म्हणून आम्हाला सेंट्रिफ्यूगलच्या मजल्यावर नेलं.

चार मशीन ओळीने चालू होती. पायाखालची लोखंडी जाळी थरथरत होती. चाचांनी कठड्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि कित्येक वर्षांनी घरी आल्यासारखे हसले. दुसऱ्या नंबरचं मशीन उतरत, थांबायला येत होतं. संकेत मला नवीन पॅनेल दाखवत होता. आणि मला टिक ऐकू आली. थोड्या वेळाने आणखी एक. मग आणखी एक.

आधी वाटलं, हे माझ्याच डोक्यातलं आहे. मग मशीन थांबलं आणि टिकटिकही थांबली. ऑपरेटरने साखर खाली सोडली, झडप लावली आणि बास्केटमध्ये नवा माल घेतला. मी कॉलेजात शिकवणारी बाई. इथे माझा विद्यार्थी साहेब आहे, खाली यार्ड ट्रॉल्यांनी भरलेलं आहे, आणि मी ओरडून सांगू काय, की मला टिकटिक ऐकू आली? नसेल काही तर? संकेतला काय तोंड दाखवू? मशीन घुमायला लागलं, वर चढायला लागलं. मी गप्प उभी राहिले. हे लिहिताना मला आजही शरम वाटते.

चाचांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीच ऐकू आलेलं नव्हतं. त्यांनी फक्त माझं तोंड पाहिलं. दोन ढांगांत ते पॅनेलपाशी गेले आणि लाल बटणावर हाताचा पंजा आपटला.

"चाचा! हे काय केलंत!" संकेत ओरडला. ऑपरेटरने त्यांचा दंड धरला. चाचा बटणावरचा हात काढेनात. तेव्हा कुठे माझ्या तोंडातून शब्द फुटले, तेही धड नाही. संकेत वैतागून म्हणाला, बरं, बघूनच घेऊ. बास्केट धुतली, तिला लाल रंग लावून पुसला आणि पांढरी पावडर मारली. भेग असली की तिच्यात शिरलेला रंग पावडरीवर पुन्हा उमटतो. काठाच्या खाली, बोटाएवढी लांब, केसासारखी बारीक लाल रेघ वर आली. ऑपरेटरने तिला हात लावायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. संकेत जिन्याच्या पायरीवर बसला.

चाचांनी रेघ एकदाच पाहिली. मग त्यांना गुदमरल्यासारखं झालं म्हणून मी त्यांना खाली मोकळ्यावर आणलं. यार्डात ऊन चढलं होतं. गाळप मंदावलंय हे रांगेला कळलं होतं आणि पाच-सहा जण ट्रॉल्यांवरून उतरून दाराशी आले होते.

"कुनी बंद केली रं मशीन?" त्यातला एक तंबाखू मळता मळता ओरडला. "ऊस वाळतोय हितं! कोन हाय त्यो शाना?"

मी चाचांचा हात धरून बाजूने निघाले होते. शब्द ऐकू आले नसले तरी त्या माणसाचा चेहरा त्यांना वाचता आला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि वर केला.

"म्या!" ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात ते म्हणाले. सगळ्या यार्डाला ऐकू गेलं. "म्या बंद केली. दस्तगीर. निरवांगीचा!"

त्या माणसाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, एक शिवी हासडली आणि तो ट्रॉलीकडे वळला. चाचा माझ्याकडे वळले.

"बाई, बाकीच्या तीन चालूच हायेत. त्या उतरताना ऐकल्यासा का?"

मी ऐकलं नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली.

ते लगेच मागे फिरले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून थांबले आणि मी येतेय का ते पाहू लागले. वरून तिन्ही मशीनचा आवाज येत होता. मी ओढणी कमरेला बांधली आणि त्यांच्या मागून चढायला लागले.